तिच्या आवाजातली मी

बसमध्ये फार उकडत होतं आणि खिडकी अडकून बसली होती. माझ्या पुढच्या बाकावर, त्या खिडकीशी, तो बसला होता. पाठमोरा. मांडीवर एक चौकोनी काळी पेटी, नजर बाहेर. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं, घोकलं आणि म्हणाले, "जरा खिडकी ढकलता का? जीव घुसमटतोय माझा."

एवढंच. स्पॅनिशमधलं साधं वाक्य, शाळेतल्या पहिल्या धड्यातलं म्हणा ना.

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसले. खरंच दिसले. तो वळला नाही. हात वर करून त्याने काच ढकलली. मग सावकाश, मागे काय दिसेल याची भीती असावी तसा, तो वळला. माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली आणि तिच्या जागी... काय म्हणू? निराशा आली. इथे कुणीतरी वेगळंच बसलेलं असायला हवं होतं, अशी.

"माफ करा," तो म्हणाला. "मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"काही नाही."

पुढच्याच थांब्यावर तो उतरला. उतरून मात्र तिथेच उभा राहिला, बस वळेपर्यंत. त्याचे डोळे काळेभोर होते आणि खांद्यापाशी शर्टाची शिवण उसवलेली होती. आता सांगायला काय हरकत आहे, मीही काचेला नाक लावून बघत होते.

मी त्या गावात उन्हाळ्यापुरती आले होते. माझी नोकरी एका निर्यात कंपनीत. तिकडच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं, तर स्पॅनिश हवी. वर्गात बसून शिकलेली भाषा जिभेवर बसेना, म्हणून साहेबांनी उन्हाळ्याची सुट्टी देऊन तिथेच पाठवलं. सकाळी शाळा, आणि उरलेला दिवस एका घरी घरच्यासारखं राहायचं. नियम एकच होता. आपली भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची. जेवताना, भांडताना, जमलं तर स्वप्नातसुद्धा स्पॅनिश. रविवारी आईशी फोनवर बोलायचं, तेवढंच मराठी.

माझ्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, एकट्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. अर्थ विचारला त्यांनी.

"आईची बहीण," मी म्हणाले.

"चालेल," त्या म्हणाल्या. "जवळचंच नातं आहे."

मावशींना ऐकायला कमी येई. दोन्ही कानांत यंत्रं होती, तरी त्या माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या आणि माझ्या ओठांकडे बघायच्या. दुपारी ऊन इतकं चढायचं की सगळं गाव दारं-खिडक्या लावून घेई. रस्त्यावर चिटपाखरू नसे. खोलीत हिरवट अंधार. त्या अंधारात त्या मला बोलायला शिकवायच्या.

"असं नाही. जीभ जरा मागे घे. हं... आता शेवटचं अक्षर सोडून दे. हलकेच, दिवा मालवल्यासारखं." माझी हनुवटी त्यांच्या दोन बोटांत असे. बोटं कोरडी आणि गार. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणे. मला वाटलं, माझी तर चंगळच झाली. शाळेतल्या इतर मुलामुलींना घरचे लोक नुसते टीव्हीसमोर बसवायचे, आणि मला मात्र घरच्या घरी शिकवणीबाई मिळाल्या होत्या.

फक्त एकदा मला ते चमत्कारिक वाटलं. मी म्हणाले होते, "कंटाळा आला." वाक्य बरोबर होतं, मला पक्कं माहीत होतं.

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या, "पण असं नको म्हणू. 'दुपार अंगावर आली' असं म्हण."

"का?"

"आमच्याकडे... या घरात तसं म्हणतात."

या घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

नंतर एकेक गोष्टी होऊ लागल्या. कोपऱ्यावरच्या फळवालीची माझ्याकडे पाठ असताना मी भाव विचारला, तर तिच्या हातातली टोपली सुटली आणि पीच रस्ताभर गडगडत गेले. गल्लीत एक म्हातारा, आंधळा होत चाललेला कुत्रा पडून असायचा, कुणी हाक मारली तरी ढिम्म. एकदा सहज म्हणून मी त्याला "ये रे" म्हणाले. तो उठला, लंगडत माझ्यापाशी आला, माझा हात हुंगला. आणि मग मागे सरकत, माझ्याकडे तोंड करूनच, बारीक आवाजात रडायला लागला.

शाळेतल्या बाई एक दिवस वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "तू फार झपाट्याने शिकलीस. पण गंमत सांगू? तुझे शब्द जरा जुने आहेत. मी कॉलेजात असताना मुली असं बोलायच्या. आता कोणी बोलत नाही." त्या हसल्या, मीही हसले. तेव्हा ऐकू आलं... ते हसणं माझं नव्हतं. शेवटी थोडं वर चढून तुटणारं. मी अशी कधीच हसत नाही.

रविवारी आई फोनवर म्हणाली, "अगं, मराठी बोलताना हेल कसले काढतेस? मला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय."

"लाइन खराब आहे, आई."

"असेल बाई," आई म्हणाली. पण तिने फोन ठेवताना, मी लहान असताना घ्यायची तसा, माझा पूर्ण हिशेब घेतला. जेवतेस ना, झोपतेस ना, एकटी पाण्यात उतरत नाहीस ना. पाण्याचं तिला कुठून सुचलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. दार उघडलं तर काळी पेटी, आणि पेटीच्या वर तो.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"तुम्ही," तो म्हणाला. त्याच्या ओठांतून जवळजवळ श्वासच निघाला. "इथे राहता. म्हणजे... बरोबर. इथेच असणार."

"तुमचं काय काम?"

"मी कानवाला. बाईंच्या कानांतली यंत्रं तपासायला येतो." पेटी उघडून त्याने आतली यंत्रं, नळ्या, बारीक ब्रश दाखवले. "चोर नाही."

"चोर असता तर बसमधून पळाला नसता," मी म्हणाले. "चोरांना धीर असतो."

तो हसला, पहिल्यांदाच. चांगला हसायचा.

मावशींच्या कानाची तपासणी झाली, पण तो गेला नाही. जिन्यात उभा राहिला. मला त्या दिवशी शाळेत बाईंनी फार राबवलं होतं, म्हणून मी म्हणाले, "मी आज फार 'कासादा' आहे." त्याच्या भुवया वर गेल्या.

"अभिनंदन. कोणाशी?"

मग लक्षात आलं. 'कान्सादा' म्हणजे दमलेली. 'कासादा' म्हणजे लग्न झालेली.

"अजून कोणाशीच नाही," मी म्हणाले. कान तापले होते. "नुसतीच दमले आहे."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि काय बरं झालं ते काही सांगितलं नाही.

त्यानंतर संध्याकाळी आम्ही नदीकाठाने फिरायला लागलो. ऊन उतरायचं, दगडी कठड्यातून धग यायची. तुम्हीचं तू झालं. तो फार बोलायचा नाही. "तू बोल," म्हणायचा, "मी ऐकतो." मी ऑफिसातल्या गमती सांगायची, माझा दादा स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत झोपला होता ते सांगायची, आणि तो कठड्याला टेकून डोळे मिटून घ्यायचा. त्याच्या पापण्या लांब होत्या. कुणी आपलं बोलणं असं, देवळात बसल्यासारखं ऐकावं... माझ्या पोटात फुलपाखरं नाही, अख्खं पाखरांचं झाड होतं. त्याने डोळे का मिटले, हे मला विचारावंसंच वाटलं नाही.

मग तो पाऊस आला. उन्हाळ्यातला, अवेळी, काळाकुट्ट. आम्ही एका बंद दुकानाच्या छपराखाली शिरलो. हवा एकदम गारठली. तो माझ्या इतका जवळ होता की त्याच्या ओल्या शर्टातून वाफ येत होती, आणि मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, पाऊस फार आहे. मी म्हणाले, "हात गारठले की मला रडू येतं, माहीत आहे ना. तुझ्या खिशात जागा कर."

मी तसं म्हणणार नव्हते. ते शब्द मला येतच नव्हते. 'गारठले'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मावशींनीही नाही.

तो भिंतीला टेकला. त्याच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला होता. छपरावरून पाणी ओतत होतं.

"हे तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

"कोणी नाही. काय आहे हे? सांग मला. बसमध्ये काय वाटलं होतं तुला?"

त्याने सांगितलं. मावशींना एक मुलगी होती. तो आणि ती एका वर्गात होते, मग वर्गाबाहेरही एकत्र होते. एका उन्हाळ्यात ती दुसऱ्या देशी गेली, दुसऱ्यांची भाषा शिकायला, अशीच कोणाच्या तरी घरी राहायला. तिथल्या मंडळींबरोबर समुद्रावर गेली. बोट उलटली. सगळे सापडले, ती सापडली नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून मावशी घरी मुली ठेवायला लागल्या.

"दर वर्षी," तो म्हणाला, "परदेशातून आलेली कोणीतरी मुलगी जाताना थोडीशी तिच्यासारखी बोलायला लागते. एखादा शब्द. एखादा हेल. पण तू... तुझ्यात ती सगळीच आली आहे."

"आणि तू डोळे मिटतोस ते मी दिसू नये म्हणून."

त्याने मान खाली घातली. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

"पहिल्यांदा आवाजामागे आलो," तो म्हणाला. "आता कोणाला ऐकतोय ते मला कळत नाही. म्हणून भीती वाटते."

"मग कळेल तेव्हा ये," मी म्हणाले आणि पावसातच निघाले. रस्ताभर रडत होते. रडण्याचा आवाज तरी माझा आहे का, ते लक्ष देऊन ऐकत होते.

घरी मी बोलणंच बंद केलं. शाळेत नुसती मान हलवायची. मावशी जेवणाच्या टेबलाशी माझ्या ओठांकडे बघत राहायच्या, आणि मी घास चावत राहायची. शेवटी एका दुपारी, त्या हिरवट अंधारात, मी विचारलं, "माझं असं का केलंत, मावशी?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "माझे कान चाललेत. डॉक्टर म्हणतात, थंडीपर्यंत काही उरणार नाही. यंत्रानेसुद्धा नाही." त्या हातातला रुमाल घडी करत होत्या, उलगडत होत्या. "चेहरा मला आठवतो. फोटो आहेत. आवाज विसरत चालले होते. रोज थोडा. मग तू आलीस आणि पहिल्या दिवशी पाणी मागितलंस... तुझ्या घशात तिच्यासारखं काहीतरी होतं, पोरी. मी फक्त वरची धूळ पुसली."

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "ती परत जाईल का?"

"ती घरी आलीच नाही अजून. दाराशी येऊन थांबली आहे. मला रोज जाणवतं." त्यांनी माझा हात धरला. "तू बाहेर जा. दार वाजव. आणि एकदा म्हण, 'आई, मी आले.' मग तुझं तू बोल, माझं काही म्हणणं नाही."

मी नाही म्हणू शकले असते. उठून बॅग भरू शकले असते. पण त्यांच्या मांडीवरचा तो रुमाल बघितला आणि मला रविवारचा फोन आठवला, जेवतेस ना, झोपतेस ना. मी उठले. जिन्यात गेले, दार ओढून घेतलं. खाली उघड्या दारातून उन्हाने पांढरी पडलेली गल्ली, कुत्रा उठून उभा, माझ्याकडे तोंड करून. मी दार वाजवलं.

मावशींनी उघडलं.

"आई, मी आले," मी म्हणाले.

"उशीर केलास," मावशी म्हणाल्या. साध्या आवाजात, जेवण गार झालं की म्हणतात तशा.

इथे माझं काम संपलं होतं. पण माझं तोंड मिटेना. "बोट उशिरा सुटली," मी म्हणाले.

मावशींचा हात चौकटीवर घट्ट झाला. "गार होतं का तिथे?"

"आधी होतं. मग नाही." आणि ते हसणं, वर चढून तुटणारं. "आता जाऊ मी? दुपार अंगावर आली."

"जा," मावशी म्हणाल्या. "जा, बाळा. नीट जा."

पाठीमागून जिन्यातून काहीतरी गार गेलं. ओल्या कपड्यांचा, मिठाचा वास आला आणि गेला. गल्लीतला कुत्रा वळून लंगडत नदीच्या बाजूला चालू लागला, कोणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवत असल्यासारखा. मावशींनी कानांतली यंत्रं काढली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, आणि मला जवळ घेतलं. खूप वेळ. मी त्यांच्या खांद्यावर मराठीत रडले. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण त्या थोपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, काय झालं? पहिल्या दिवशीसारखं बोलायला लागलीस." माझा 'र' गेला होता. हेल गेला होता. व्याकरण तेवढं शिल्लक होतं, तेही निम्मं. फळवालीने विचारलं, "तुम्ही कुठल्या? नवीन आलात का?" मला इतकं हलकं वाटलं, पण क्षणभरच. आता त्याला यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

तो आला, माझ्या जायच्या आदल्या दिवशी. मावशींकडे वर गेला, आणि थोड्या वेळाने काळी पेटी घेऊन खाली. मी पायऱ्यांवर बसले होते. संध्याकाळ उतरत होती.

"मावशींनी यंत्रं परत दिली," तो म्हणाला. "म्हणाल्या, ऐकायचं ते ऐकून झालं."

"ती गेली," मी म्हणाले. एवढ्याशा वाक्यात दोन चुका केल्या असाव्यात. "बघ. माझा आवाज. असा आहे तो. तुझ्या उपयोगाचा नाही."

तो माझ्या शेजारी बसला. डोळे उघडे होते. सरळ माझ्याकडे.

"परवा कोपऱ्यावर तू फळवालीशी भांडत होतीस," तो म्हणाला. "पीच आंबट निघाले म्हणून. मी पलीकडच्या दुकानात होतो, दिसत नव्हतीस. मी आवाज ओळखला नाही."

"बरोबर आहे. कसा ओळखशील?"

"ऐक ना. ओळखला नाही, तरी बाहेर आलो. म्हटलं, कोण ही? क्रियापदं सगळी वाकडी, अर्धे शब्द मिळत नाहीत, आणि तरी माघार घेत नाही. बघावं तरी. आणि मग तू दिसलीस." तो थांबला. "तू म्हणाली होतीस, कळेल तेव्हा ये."

मी मान वर केली. वरच्या खिडकीत मावशी कुंडीला पाणी घालत होत्या. थेंब आमच्यापुढच्या पायरीवर पडत होते.

"तुझ्या भाषेत काहीतरी बोल," तो म्हणाला. "तुझ्या घरी बोलतेस तसं. मला कळायला नको. नुसतं ऐकू दे."

मी त्याच्या उसवलेल्या खांद्याकडे बघत म्हणाले, "तू मला आवडतोस."

"म्हणजे काय?"

"तू म्हणून बघ आधी."

त्याने ओठ जुळवले, मान तिरपी केली. "तू... मला... आवडतोस."

"अं हं. ते मी म्हणायचं. मी मुलगी आहे, मला 'आवडतेस' म्हणतात."

"म्हणजे हे वाक्य मीही तुला म्हणू शकतो?"

"खरं असेल तर."

त्याने क्षणभर विचार केला. अर्थ कळला असावा, कारण कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग माझा हात हातात घेऊन, एकेक अक्षर चाचपडत, त्याने ते बरोबर करून म्हटलं. उच्चार भयंकर होता. 'ड' तर कुठल्या कुठे गेला होता. जगात दुसऱ्या कुणीही ते वाक्य तसं कधीच म्हटलेलं नव्हतं.

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.